मराठी मुद्राक्षरकला

मराठी मुद्राक्षरकला म्हणजे मराठी मजकुराच्या छपाईसाठी व संगणकावरील लेखनासाठी देवनागरी अक्षरांची रूपे घडवण्याची कला आणि तिचे शास्त्र होय. धातूच्या खिळ्यांपासून आजच्या युनिकोड टंकांपर्यंत तिचा प्रवास सुमारे दोनशे वर्षांचा आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्या, तरी मराठी छपाईत अक्षरांचे एक स्वतंत्र वळण रुजले. त्याला ‘मुंबई वळण’ किंवा ‘मराठी वळण’ म्हणतात. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे, तसेच ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतील अर्धा र, ही या वळणाची ठळक उदाहरणे आहेत. छपाईचे तंत्र बदलले तेव्हा हे वळण अनेकदा अडचणीत आले आणि ते टिकवण्यासाठी किंवा परत आणण्यासाठी अक्षरकारांना, मुद्रकांना व शासनाला जाणीवपूर्वक प्रयत्न करावे लागले.

संज्ञा

छापखान्यात धातूच्या एका सुट्या अक्षराला ‘खिळा’ व खिळे ओळीने लावणाऱ्या कामगाराला ‘जुळारी’ म्हणत. एकाच घाटाच्या सर्व अक्षरांच्या संचाला ‘टाइप’ असा शब्द रूढ होता. संगणकाच्या काळात त्याच अर्थाने ‘टंक’ व ‘फाँट’ हे शब्द प्रचारात आले. हाताने विशिष्ट प्रसंगासाठी रेखाटलेल्या अक्षरांना, उदाहरणार्थ पुस्तकाचे किंवा नाटकाचे शीर्षक, ‘अक्षरांकन’ म्हणतात. बोरू, टाक किंवा कुंचल्याने केलेल्या कलात्मक लेखनाला ‘सुलेखन’ ही संज्ञा आहे. सुलेखनातील अक्षर एकदाच उमटते. मुद्राक्षर मात्र हजारो वेळा, कोणत्याही शेजारी अक्षरासोबत, लहान आकारातही वाचता येईल असे घडवावे लागते.

अक्षराची घडण

देवनागरी मुद्राक्षरांचा मूळ घाट तिरप्या कापाच्या बोरूने लिहिलेल्या अक्षरांवरून आला आहे. बोरूचे टोक तिरपे असल्याने हात न दाबताही रेघ दिशेनुसार जाड किंवा बारीक होते. हीच जाड-बारीक लय पारंपरिक छापील अक्षरांतही दिसते. अक्षरे वरच्या शिरोरेषेला लटकलेली असतात. त्यांच्या घडणीनुसार तीन गट पडतात: उजवीकडे उभा दंड असलेली (ग, त, प, म), मधोमध दंड असलेली (क, फ) आणि पूर्ण दंड नसलेली (ट, ड, द, ह). हे वर्गीकरण जोडाक्षरांसाठी महत्त्वाचे ठरते. पहिल्या गटातील अक्षराचा दंड काढला की त्याचे अर्धे रूप मिळते. तिसऱ्या गटात तसे करता येत नाही, म्हणून दुसरे अक्षर खाली जोडावे लागते किंवा पाय मोडून लिहावे लागते.

देवनागरीची ओळ तीन मजल्यांची असते. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार व जोडाक्षराचा पाय येतो. वरचा आणि खालचा मजला पुरेसा मोकळा ठेवला नाही, तर ओळी एकमेकींत अडकतात. त्यामुळे रोमन लिपीतील मजकूर ज्या आकारात सहज वाचता येतो, त्याच आकारात देवनागरी मजकूर गिचमिड वाटू शकतो. अक्षराच्या आतील पोकळी, दोन अक्षरांमधील अंतर आणि शिरोरेषेची जाडी यांचा मेळ साधणे हे मुद्राक्षरकाराचे मुख्य काम असते.

छपाईचा आरंभ

मराठीची नियमित छपाई प्रथम मराठी मुलखाबाहेर, बंगालमधील श्रीरामपूर येथे सुरू झाली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथून प्रसिद्ध झाले. पुढे श्रीरामपूरला मोडी लिपीचेही खिळे तयार करण्यात आले आणि कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला. कॅरी यांना या कामात वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य होते. खिळे घडवण्याचे काम पंचानन कर्मकार यांच्या परंपरेतील कारागिरांनी केले.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ च्या सुमारास मराठी छपाईस आरंभ केला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाछापात हाताने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा दगडावर उतरत असल्याने खिळ्यांची अडचण नव्हती. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळ्यांच्या छपाईतही लक्ष घातले. अमेरिकन मिशन प्रेसमधील टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांमध्ये केलेल्या सुधारणांमुळे मुंबईच्या अक्षरांना रेखीवपणा आला.

खिळा तयार करण्याची रीत कष्टाची होती. प्रथम पोलादी सळईच्या टोकावर उलटे अक्षर कोरून ठसा तयार होई. तो तांब्यावर ठोकून साचा बनवत आणि साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळे पाडत. रोमन लिपीला शंभरसव्वाशे खिळ्यांचा संच पुरत असे. देवनागरीत मात्र स्वरचिन्हे व जोडाक्षरे धरून संच कित्येक शेकड्यांवर जाई. यावर दोन पद्धती रूढ झाल्या. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि त्याचे वरचे-खालचे चिन्ह एकाच खिळ्यावर असे. त्यामुळे छपाई सुबक दिसे, पण खिळ्यांची संख्या वाढे. ‘डिग्री’ पद्धतीत चिन्हांचे खिळे वेगळे असत व ते अक्षराच्या वर-खाली रचले जात. खिळे कमी लागत, पण जुळाऱ्याचे कौशल्य पणाला लागे.

निर्णयसागर

मराठी वळण स्थिर करण्याचे सर्वांत मोठे श्रेय मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याला दिले जाते. त्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) लहान वयातच अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला लागले आणि तेथे खिळे घासण्या-ओतण्यापासूनची सर्व कामे शिकले. १८६० च्या दशकात त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री व नंतर छापखाना सुरू केला. ठसे कोरण्याच्या कामी त्यांना राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची साथ लाभली. जावजींनंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी हा व्यवसाय वाढवला.

निर्णयसागरने पंचांगे, पोथ्या, मराठी ग्रंथ आणि ‘काव्यमाला’सारख्या संस्कृत ग्रंथमाला छापल्या. संस्कृत ग्रंथांना तीन-चार व्यंजनांची जोडाक्षरे लागत असल्याने या छापखान्याचा अक्षरसंच अतिशय संपन्न झाला. भरीव पण मोकळी अक्षरे, समतोल शिरोरेषा, गोलाईतील सहज उतार आणि लहान आकारातही न बुजणाऱ्या पोकळ्या ही त्या टाइपाची वैशिष्ट्ये होती. निर्णयसागरचे खिळे इतर छापखान्यांनाही विकले जात असल्याने हे वळण दूरवर पोहोचले. अनेक पिढ्यांच्या मराठी वाचकांच्या दृष्टीने ‘छापील अक्षर’ म्हणजे हेच अक्षर होते.

मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी घडवलेल्या आणि पुढे ‘टिरो देवनागरी’ या नावाने खुल्या झालेल्या टंकामागेही निर्णयसागरच्या छपाईचा आदर्श आहे. या टंकाच्या संस्कृत, हिंदी व मराठी अशा तीन स्वतंत्र आवृत्त्या आहेत. तिन्ही भाषांची लिपी एक असली तरी अक्षरांच्या सवयी वेगळ्या आहेत, याची ही दखल होय.

यंत्रे आणि लिपिसुधारणा

विसाव्या शतकात यांत्रिक जुळणी आली. लायनोटाइप व मोनोटाइप यंत्रे रोमन लिपीच्या मोजक्या अक्षरांसाठी बनवलेली होती. हरी गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात देवनागरी लायनोटाइपवर बसवली, पण त्यासाठी अक्षरांचे तुकडे पाडून चिन्हांची संख्या घटवावी लागली. टंकलेखन यंत्रावर तर पन्नासही कळा नसत. तेथे अनेक जोडाक्षरे पाय मोडून लिहिणे भाग पडे.

यंत्राला लिपीजोगे करावे की लिपीला यंत्राजोगे, हा वाद त्या काळात रंगला. विनायक दामोदर सावरकर यांनी ‘अ’लाच सर्व स्वरचिन्हे लावून अि, अी, अु, अू असे लिहिण्याची ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली. काका कालेलकर यांनीही लिपिसुधारणेचा पाठपुरावा केला. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याची शिफारस केली होती. वाचकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि पुढे ती सोडून देण्यात आली.

या काळातील एक बदल मात्र टिकला. उत्तरेत अ, झ आणि ण यांची निराळी रूपे चालत. प्रमाण हिंदीने त्यांऐवजी मुंबई वळणाची रूपे स्वीकारली. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानक वर्णमालेने ती पक्की झाली. म्हणजे आजच्या हिंदी छपाईतील अ, झ, ण ही मूळ मुंबईच्या छापखान्यांतील रूपे आहेत. ल आणि श यांबाबत मात्र दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्याच राहिल्या.

या साऱ्या इतिहासाची सविस्तर नोंद शासकीय मुद्रण खात्यात काम केलेले बापूराव नाईक यांनी केली. देवनागरी मुद्राक्षरांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. या विषयावरील तो आजही पायाभूत ग्रंथ मानला जातो.

पाकळीयुक्त ल, देठयुक्त श आणि अर्धा र

मराठी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड नसतो. शिरोरेषेपासून मध्यभागी उतरणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या असतात, म्हणून त्याला ‘पाकळीयुक्त ल’ म्हणतात. हिंदीत रूढ असलेला ‘ल’ दंडयुक्त आहे. मराठी वळणाच्या ‘श’चा डावा भाग देठासारख्या लहान रेषेने शिरोरेषेला जोडलेला असतो, म्हणून तो ‘देठयुक्त श’. दुसऱ्या रूपाला मराठीत ‘शेंडीफोड्या श’ असे गमतीचे नाव आहे. प्रस्तुत लेखातील ही दोन अक्षरे कोणत्या वळणाची दिसतील, हे वाचकाच्या उपकरणावरील टंकावर अवलंबून आहे.

हा भेद दिसण्यापुरता असला, तरी अर्ध्या ‘र’चा भेद अर्थाचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. पहिल्या शब्दांत रफार असून मागील अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यांत तो येत नाही. ही दुसरी खूण हिंदीच्या लेखनात लागत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या टंकात वा कळफलकात ती सुटली, तर मराठी शब्दाचा अर्थच बदलतो.

शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरलेखन यांची प्रमाण पद्धत ठरवून दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि तीत पाकळीयुक्त ल व देठयुक्त श यांच्या वापराचा निर्देश आहे.

अक्षरकार

र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार, कवी, संशोधक व अध्यापक होते. मुंबईच्या जे. जे. संस्थेत शिक्षण घेऊन ते जाहिरात क्षेत्रात गेले आणि ‘उल्का’मध्ये कलादिग्दर्शक म्हणून गाजले. पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. लघुनियतकालिकांच्या चळवळीत त्यांनी अक्षरांच्या मांडणीतून आशय व्यक्त करणाऱ्या दृश्यकविता लिहिल्या. भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ नावाच्या समान लिपीचा प्रकल्पही त्यांनी मांडला. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या नावाशी जोडलेला आहे. ‘रघु’ हा त्यांचा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. अक्षराचा उच्चार, लेखनाची हालचाल आणि त्याचा दृश्य घाट यांचा एकत्र विचार करणे हे त्यांच्या कामाचे सूत्र होते.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिराती, पुस्तके व नियतकालिके यांची शीर्षके घडवली. शीर्षकाच्या वळणातूनच नाटकाची प्रकृती कळावी, हा त्यांचा दृष्टिकोन होता. अच्युत पालव यांनी मोडी हस्तलिखितांचा अभ्यास करून मोडीचा ओघ आणि देवनागरीची स्पष्टता यांचा मेळ घालणारी ‘मुक्तलिपी’ विकसित केली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

संगणक आणि युनिकोड

१९८० च्या दशकानंतर खिळ्यांची जागा संगणकावरील अक्षरजुळणीने घेतली. श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींमुळे लहान गावांतही छपाईची कामे होऊ लागली. मात्र प्रत्येक प्रणालीची संकेतपद्धती वेगळी होती. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळातील बराच मजकूर आज रूपांतराशिवाय वाचता येत नाही.

युनिकोडने ही अडचण दूर केली. प्रत्येक वर्णाला एक स्थान मिळाले आणि टंक बदलला तरी मजकूर कायम राहू लागला. ‘ॲ’ या मराठीत लागणाऱ्या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र स्थान देण्यात आले. परंतु ‘ल’च्या दोन्ही वळणांना युनिकोडमध्ये एकच स्थान आहे, ‘श’चेही तसेच. वर्ण एकच असल्याने हे तत्त्वतः योग्य आहे. कोणते रूप दाखवायचे ते टंक ठरवतो. चांगल्या टंकात दोन्ही रूपे साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असेल, तर मराठी रूप आपोआप निवडले जाते. टंकात ते रूप नसेल, किंवा मजकुरावर भाषेची खूण नसेल, तर सामान्यतः हिंदी वळण दिसते. वाचकाला यातील काहीच दिसत नसल्याने बदल निवडीविना घडून जातो.

यावर उपाय म्हणून मराठी रूपे मूळ धरून टंक घडवण्यात आले. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेले ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ हे टंक त्यांपैकी होत. ‘एक टाइप’ या मुंबईतील गटाचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे खुले टंकही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

नांदेड आणि लातूर परिसर

मराठवाड्याच्या आग्नेय भागातील नांदेड व लातूर हे जिल्हे लिपींच्या सहवासाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाशी व कर्नाटकाशी, तर लातूरची कर्नाटकाशी भिडते. लातूर हे राष्ट्रकूटांचे मूळ स्थान ‘लत्तलूर’ मानले जाते. कंधार येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील शिलालेख आहे, तर लातूरच्या पापविनाशक मंदिरातील लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातील आहे. नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचे संकलन श्रीनिवास रित्ती व जी. सी. शेळके यांनी केले. त्यांत जुन्या कन्नड लेखांची संख्या मोठी आहे. कंधार व उदगीरच्या किल्ल्यांत फारसी लेख आढळतात, तर नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब परिसरात गुरुमुखी लिपी नित्य वापरात आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मुंबईत खिळ्यांची देवनागरी छपाई स्थिरावत असताना येथील सरकारी व्यवहार नस्तालीक वळणाच्या उर्दूत चाले. नस्तालीकची अक्षरे तिरपी उतरत जातात व खिळ्यांत नीट बसत नाहीत, म्हणून उर्दू मजकूर कातिबाकडून हाताने लिहून शिळाछापावर छापला जाई. घरगुती हिशेब, पत्रे व जमिनीची कागदपत्रे अनेकदा मोडीत असत. छापील बाळबोध अक्षर घरोघरी पोहोचले ते मुख्यतः पोथ्या, पंचांगे व शालेय पुस्तके यांतून. संस्थान विलीन झाल्यावर मराठी शाळांचा विस्तार झाला आणि नांदेडचे ‘प्रजावाणी’, लातूरचे ‘एकमत’ यांसारखी दैनिके या भागातून निघू लागली.

लिपी डोळ्यांआड गेल्यावर काय होते, याचा अनुभव या भागाने अलीकडेच घेतला. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आली. निजामकालीन दप्तरे मोडी व उर्दूत असल्याने ती वाचू शकणाऱ्या जाणकारांची मोठी निकड भासली. ज्या लिपीत दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे लोक आपले व्यवहार सहज लिहीत, ती त्यांच्याच वारसांना वाचता येत नव्हती.

पाट्या आणि सद्यस्थिती

दुकानांच्या पाट्या हा सार्वजनिक अक्षराचा सर्वांत मोठा नमुना होय. पूर्वी त्या पेंटर रंगवत. पट्टी व खडूने शिरोरेषा आखून अक्षरांची जागा हाताने बसवली जाई, त्यामुळे प्रत्येक पेंटरचे वळण ओळखू येई आणि ते सहसा शाळेत गिरवलेल्या मराठी अक्षरावर बेतलेले असे. फ्लेक्स छपाई आल्यावर हे काम संगणकाच्या टंकांकडे गेले. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने सर्व आस्थापनांना देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावे, अशीही तरतूद करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या तरतुदीत अक्षराच्या आकारमानाचा विचार आहे, वळणाचा नाही. नियमानुसार मोठ्या मराठी अक्षरांत रंगवलेल्या पाटीवरही दंडयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ असू शकतो.

शालेय लेखनाच्या दृष्टीने हा प्रश्न व्यावहारिक आहे. अक्षरओळख होणाऱ्या मुलाला पाटीवर एक ‘ल’ गिरवायला दिला आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दुसराच दिसला, तर त्याला दोन्ही रूपे ओळखायला शिकवावी लागतात. मोठ्या वाचकाला दोन्ही रूपे कळतात, त्यामुळे मराठी रूप मागे पडत असल्याचे सहसा लक्षात येत नाही. हे रूप टिकवण्यासाठी आज नवे तंत्र लागत नाही. दोन्ही रूपे असलेला टंक निवडणे, मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणे आणि छापण्यापूर्वी ल, श व ऱ्य ही तीन अक्षरे तपासून पाहणे, एवढे त्यासाठी पुरेसे असते.